टोपली, मडकं आणि बांबूची नळी

मी तुमची सहयोगिनी बोलतेय.

मागच्या महिन्यात आपल्या गटाच्या वीस जणी एका प्रशिक्षणाला गेलो होतो. विषय होता बिस्किटं आणि नानकटाई. शिकवणाऱ्या मॅडमनी छान शिकवलं, पण शेवटी म्हणाल्या, "आता फक्त विजेचा ओव्हन घ्या." आपल्याकडे दिवसातून किती वेळा लाईट जाते हे त्यांना कुठं ठाऊक! परत येताना टेम्पोत सगळ्या गप्प होत्या. एक मावशी म्हणाल्या, "हे शास्त्र आपल्यासाठी नव्हंच बाई."

त्या बोलण्यानं मला मारिया ओरोसा आठवल्या. शंभर वर्षांपूर्वी नेमका हाच पेच त्यांच्यापुढं होता, आणि त्यांनी ओव्हन मडक्याचा केला.

मारियाबाई फिलिपिन्सच्या. आपल्या पूर्वेला, समुद्रापल्याड हजारो बेटांचा हा देश. माणसं भात खाणारी, केळी-नारळ पिकवणारी. आधी स्पेनचं राज्य, मग १८९८ पासून अमेरिकेचं. बाताँगास प्रांतातल्या ताल गावी मारियाबाईंचा जन्म झाला. १९१६ मध्ये त्या शिकायला अमेरिकेत सिएटलला गेल्या. पैसे कमी पडायचे, म्हणून सुट्टीत अलास्कात मासे डबाबंद करायच्या कारखान्यात काम करायच्या. अन्न टिकवायचं शिक्षण पुस्तकातून झालं तसं तिथंही झालं असणार, असं मला वाटतं. रसायनशास्त्रातल्या पदव्या घेतल्या. तिथं सरकारी रसायनतज्ज्ञाची नोकरी चालून आली होती. ती सोडून १९२२ मध्ये त्या मायदेशी परतल्या.

आल्यावर काय दिसलं? आपल्याकडं पिकतंय ते सडतंय, आणि डबाबंद खाणं मात्र बोटीनं परदेशातून येतंय. टोमॅटोचा सॉस लोकांना आवडायला लागला होता, पण दमट हवेत टोमॅटो नीट येत नाही. केळी मात्र दारोदारी. मारियाबाईंनी केळी कुस्करून त्यात साखर, व्हिनेगर आणि मसाले घातले आणि सॉस केला. आज त्या देशात लाल रंगाचा केळ्याचा सॉस घरोघरी खातात. त्याचा मोठा धंदा पुढं दुसऱ्यांनी केला, हेही सांगून ठेवते. कालामान्सी नावाचं छोटं लिंबू असतं तिकडं, त्याची त्यांनी पूड केली, म्हणजे हंगाम संपला तरी सरबत मिळावं.

पण मला सगळ्यांत मोठं वाटतं ते त्यांचं कोंड्याचं काम. तांदूळ पांढराशुभ्र दिसावा म्हणून गिरणीत जास्त सडला की वरचा कोंडा निघून जातो, आणि त्याच्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वही जातं. रोज तोच भात आणि बरोबर दुसरं फारसं काही नाही, असं झालं की बेरीबेरी नावाचा रोग होतो. पाय बधिर होतात, अंगावर सूज येते, हृदय थकतं. आईच्या अंगातच हे जीवनसत्त्व नसेल तर दुधातून बाळाला कुठून मिळणार? अशी अंगावरची बाळं तिकडं फार दगावायची. मारियाबाईंनी गिरणीत वेगळा काढलेला हा कोंडा, तिकडच्या भाषेत 'दाराक', बिस्किटांत घातला. आपण तो म्हशीपुढं टाकतो!

हे सगळं घरात भाजायचं कसं? वीज नाही, ओव्हन नाही. मग त्यांनी मातीच्या मडक्याचा ओव्हन तयार केला. त्यांच्या हाताखालच्या मुली गावोगाव जायच्या. त्यांनी बायकांची मंडळं उभी केली. तिथं फळं टिकवणं, कोंबड्या पाळणं, रोजच्या जेवणाची आखणी करणं शिकवायचं. ओळखीचं वाटतंय ना?

मग युद्ध आलं. १९४२ च्या जानेवारीत जपानी सैन्यानं मनिला शहर घेतलं. सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारात हजारो परदेशी लोक, त्यांत बायका-मुलंही, कोंडून ठेवली. आत उपासमार होती. मारियाबाई जपान्यांविरुद्ध लपून लढणाऱ्या गटात कॅप्टन होत्या. त्यांनी केलेली सोयाबीनची पूड आणि कोंड्याची बिस्किटं पोकळ बांबूत भरून चोरून आत पोचवली जायची. मूठभर पुडीवर माणसं तगली.

१९४५ च्या फेब्रुवारीत मनिलाची लढाई पेटली. घरचे म्हणत होते, शहर सोड. त्या कामावरच थांबल्या. १३ फेब्रुवारीला जखमी होऊन रुग्णालयात नेलं, आणि त्या रुग्णालयावरच तोफगोळे पडले. तिथंच त्या गेल्या. त्या एका महिन्यात शहरातले सुमारे एक लाख नागरिक मेले.

त्याच सांतो तोमासच्या छावणीत, भिंतीच्या आत, एक तरुण डॉक्टर लहान मुलांना जपत होती. फे देल मुंडो. डॉक्टर व्हायचं स्वप्न खरं त्यांच्या बहिणीचं. ती लहानपणीच वारली, तेव्हा फेंनी ते आपलं केलं. अमेरिकेत बालरोगाचं शिक्षण घेऊन त्या १९४१ मध्ये परतल्या होत्या.

त्यांचं एक काम तुम्ही डोळ्यांपुढं आणा. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला ऊब लागते. दवाखान्यातली काचेची पेटी विजेवर चालते, आणि खेड्यात वीज नाही. डॉक्टर फेंनी कपडे ठेवायच्या, बांबूच्या दोन टोपल्या घेतल्या, एक मोठी, एक लहान. लहान टोपली मोठीत ठेवली, मधल्या फटीत गरम पाण्याच्या बाटल्या, आतल्या टोपलीत बाळ. प्राणवायूसाठी वर साधं झाकण.

पुढं त्यांना मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय काढायचं होतं. पैसा नव्हता. राहतं घर विकलं, सामान विकलं, वर कर्ज काढलं. १९५७ मध्ये मनिलाशेजारच्या केसोन सिटीत शंभरेक खाटांचं रुग्णालय सुरू झालं. घर तर गेलं होतंच, त्या रुग्णालयाच्याच वरच्या मजल्यावर राहायला गेल्या. म्हातारपणीही त्यांनी काम सोडलं नाही. २०११ मध्ये, वयाच्या शंभरीला टेकल्यावर, गेल्या.

१९७७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तो आपल्या देशातल्या एका बाईलाही मिळाला होता: अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेच्या इला भट्ट यांना, भाजीवाल्या आणि हातगाडी ओढणाऱ्या बायकांना एकत्र आणल्याबद्दल.

परवाच्या बैठकीला त्या टेम्पोतल्या मावशी येणार आहेत. त्यांना मी घरचं जुनं मोठं मडकं घेऊन या म्हणून सांगितलंय. नानकटाईचं पीठ मी आणते.