ॲसॅसिन्स क्रीड आणि आपलं प्रतिसरकार

'ॲसॅसिन्स क्रीड' खेळणारी पोरं आपल्याकडंही भरपूर आहेत. २०१४ च्या 'युनिटी'त राज्यक्रांतीचं अख्खं पॅरिस उभं केलंय, २०१५ च्या 'सिंडिकेट'मध्ये १८६८ चं लंडन. भारताच्या वाट्याला २०१६ मध्ये १८४१ चं शीख राज्य आलं, तेही छोट्याशा गेममध्ये. तिन्हीकडं सूत्र एकच: लपा, भिंत चढा, माणूस मारा, पुढं चला.

असा मसाला आपल्या सातारा-सांगलीतही आहे. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली. त्याच जुलैत वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले.

पण नाना पाटलांचं प्रतिसरकार एवढंच होतं का? गावोगावी न्यायमंडळं बसली, सावकारीचे, जमिनीचे तंटे मिटले, कमी खर्चात लग्नं लागली. लोकांना हे राज्य आपलं वाटलं, म्हणून तर त्यांनी भूमिगतांना घरात लपवलं. १९४६ पर्यंत ते टिकलं त्यामुळंच.

यात मारामारी नाही, म्हणून गेममध्ये येणार नाही. पण जयंतीच्या भाषणात आपण तरी पत्री आणि रेल्वेपलीकडं काय सांगतो?

तुमच्या गावात न्यायमंडळ कुठं बसायचं? घरात कुणी सांगितलं असेल तर खाली लिहा.