वेताळ मरत नाही: एकवीस माणसं आणि एक मुखवटा

आजचा एपिसोड सुपरहिरोंवर आहे, पण सुरुवात न्यूयॉर्कमधून नाही, आपल्या वेताळ टेकडीवरून करतो. पुणे शहरातली ही सगळ्यात उंच जागा. रविवारी सकाळी तिथे अर्धं कोथरूड धापा टाकत चढत असतं. माथ्यावर वेताळाचं छोटं देऊळ आहे. मी लहान असताना बाबांना विचारलं होतं, "हा वेताळ म्हणजे तो कॉमिक्समधलाच ना?" बाबा इतके हसले की शेजारच्या आजोबांनी वळून बघितलं.

पण प्रश्न तितका बावळट नव्हता, आणि ते मला फार उशिरा कळलं.

फ्लॅश घ्या, ग्रीन लँटर्न घ्या, स्पायडरमॅन घ्या. आपल्या पिढीला माहितीये की सुपरहिरो हे नाव असतं आणि माणूस बदलू शकतो. १९४०चा फ्लॅश म्हणजे जे गॅरिक, १९५६चा बॅरी ॲलन, आणि बॅरी मेल्यावर त्याच्या बायकोचा भाचा वॉली वेस्ट. स्पायडरमॅनचा पोशाख २०११ मध्ये माइल्स मोरॅलेसने घातला. त्याच्याही आधी, २००४ मध्ये, पवित्र प्रभाकर नावाचा मुंबईचा पोरगा धोतर नेसून स्पायडरमॅन झाला होता. पण हे बदल बहुतेक वेळा धंद्याच्या गणितातून आले. खप घसरला, नवा वाचक हवा, चला माणूस बदलू. नाव मात्र विकलं जातं, म्हणून ते ठेवायचं.

या सगळ्यांच्या आधी एक हिरो असा आहे ज्याची कथाच या बदलावर उभी आहे. फँटम. मराठीत वेताळ.

ली फॉक या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रात ही चित्रपट्टी सुरू केली. सुपरमॅन आला १९३८ मध्ये. अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा या वेषात वेताळ दोन वर्षं आधीच हजर होता. गंमत म्हणजे वंशपरंपरेची कल्पना फॉकच्या डोक्यात पहिल्या दिवशी नव्हतीच. जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, आळशी वाटणारा तरुण हाच फँटम निघणार, असा त्याचा बेत होता. पहिल्याच कथेच्या मध्यात त्याने तो बेत सोडला आणि सांगून टाकलं की हा माणूस एकविसावा आहे. प्रॉडक्शनवर गेलेल्या कोडचं डिझाइन मधेच बदलायचं, आणि ते ९० वर्षं चालायचं! आमच्याकडे असं केलं तर दोन दिवसांत रोलबॅक करावं लागतं.

तर कथा अशी. १५३६ साल. क्रिस्टोफर वॉकर नावाचा तरुण खलाशी बापाच्या जहाजावर आहे. बाप तरुणपणी कोलंबसच्या जहाजावर होता, असंही फॉक सांगतो. चाचे हल्ला करतात, बाप मारला जातो, पोरगा वाहत किनाऱ्याला लागतो. जंगलातले बांदार लोक त्याला वाचवतात. पुढे त्याला किनाऱ्यावर बापाच्या मारेकऱ्याचं प्रेत सापडतं. त्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो शपथ घेतो: चाचेगिरी, हाव, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी मी लढेन, माझी मुलं आणि त्यांची मुलंही लढतील.

ही शेवटची ओळ नीट ऐका. आपल्यासाठी शपथ घेणं समजू शकतो. पण न जन्मलेल्या मुलांच्या वतीने?

मग बाप मेला की मुलगा तोच पोशाख, तीच कवटीची अंगठी घालतो आणि गुहेतून बाहेर येतो. बाहेरच्या जगाला वाटतं की हा तोच आहे, चारशे वर्षं जिवंत. खरं फक्त जवळच्या बांदार लोकांना माहीत. इंजिनिअर मंडळींसाठी सांगतो: आयपी ॲड्रेस तोच, मागचा सर्व्हर वीस वेळा बदललेला, आणि युजरला पत्ताच नाही. फ्लॅश बदलला की वाचकाला मोठ्याने सांगतात. वेताळ बदलला हे कुणालाच कळता कामा नये, कारण त्याची ताकद म्हणजे तो मरत नाही ही अफवा. उडता येत नाही, गोळी लागली तर रक्त येतं. मूठ आणि पिस्तूल आहे, पण खरं काम भीती करते.

माणूस गेला तरी नाव चालत राहतं, याचा उलटा प्रयोग आपल्या पुण्यात झालाय. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर सदाशिवराव भाऊ पडले, पण भाऊ गेले हे कित्येकांना पटेना. त्यांची पत्नी पार्वतीबाईंनाही नाही. मग तोतया उभा राहिला. त्याला माणसं मिळाली, कोकणातले किल्ले मिळाले, आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला मृत्युदंड झाला. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक त्याच्यावरच आहे. वेताळाची गोष्ट म्हणजे पकडला न गेलेल्या एकवीस तोतयांची गोष्ट, असं कधी कधी मला वाटतं. फरक एवढाच की हे सगळे बापाच्या परवानगीने तोतये झाले.

आता आपल्याकडे तो आला कसा. 'इलस्ट्रेटेड वीकली'त इंग्रजी फँटम आधीपासून यायचा, पण घराघरात पोचवलं ते इंद्रजाल कॉमिक्सने. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये मुंबईतून हे सुरू केलं आणि पहिले ३२ अंक फक्त वेताळाचे होते. या कामात अनंत पै होते, ज्यांनी पुढे १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली. १९९०ला इंद्रजाल बंद पडेपर्यंत ८००हून जास्त अंक निघाले, इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, बंगाली अशा कितीतरी भाषांत.

आणि नाव! बंगालीत त्याला 'अरण्यदेव' केलं. मराठी-हिंदीत ज्याला कुणाला 'वेताळ' सुचलं, त्याला माझा साष्टांग नमस्कार. कारण वेताळ म्हणजे नुसतं भूत नाही. वेताळ पंचविशी आठवा, सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी १८३० मध्येच ती मराठीत आणली होती. तिथे विक्रमाच्या खांद्यावर जे असतं ते एक प्रेत, आणि आत शिरून बोलणारा तो वेताळ. शरीर दुसऱ्याचं, आवाज त्याचा. आणि कोकणात, गोव्यात वेताळ गावाचा राखणदार आहे. रात्री शिवेवरून फेऱ्या मारतो, चालून चालून वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. रात्री फिरणारा, दुष्टांना धाक घालणारा, शरीरं बदलणारा. फॉकला यातलं काही ठाऊक असण्याची शक्यता कमी, पण मराठी नाव मूळ नावापेक्षा जास्त अचूक बसलं. म्हणून म्हटलं, टेकडीवरचा माझा प्रश्न इतका बावळट नव्हता.

पण भक्तिभावाने ऐकणाऱ्यांनी जरा थांबा. या गोष्टीत एक खटकणारी गोष्ट आहे आणि ती गिळून पुढे जाणं मला जमत नाही. गोरा माणूस जंगलात येतो, पिढ्यान्‌पिढ्या तिथला न्यायाधीश होतो, आणि काळे लोक त्याचं गुपित सांभाळतात. चारशे वर्षांत एकदाही बांदारांपैकी कुणी वेताळ होत नाही. सुरुवातीला तर हा देश 'बेंगाली' होता आणि चाच्यांच्या टोळीचं नाव 'सिंग'! इंद्रजालच्या संपादकांच्या हे लक्षात आलं. त्यांनी देशाचं 'डेंकाली' केलं, 'सिंग'चे 'सिंगा' झाले, आणि विसाव्या वेताळाला दगा देऊन मारणाऱ्या 'रामा'चा 'रामालू' झाला. स्वातंत्र्याला सतरा वर्षं झालेल्या देशात 'रामा' नावाचा खुनी छापणं अवघडच होतं. नावं बदलली, सिंहासनावरचा माणूस तोच राहिला. आणि आपण तो आपला मानला.

मुलींचंही तसंच. सतराव्या वेताळाची जुळी बहीण ज्यूली, भाऊ आजारी असताना पोशाख घालून निघते आणि काम चोख करते. भाऊ बरा झाला की पोशाख परत. गादी मुलाचीच.

आता त्या शपथेकडे परत येतो. एकविसावा वेताळ, किट वॉकर, लहानपणी अमेरिकेत काका-काकूंकडे शिकायला होता. खेळात जबरदस्त, पुढे मोठं करिअर दिसत होतं. मग निरोप येतो, बाप मरणाला टेकलाय. किट सगळं सोडून परततो. मला ही पानं लहानपणी शौर्याची वाटायची. आता वाचताना पोटात कालवतं.

कारण आमच्या घरी एक दुकान होतं. पेठेत, बुकबाइंडिंगचं. आजोबांनी सुरू केलं, मग बाबांनी चालवलं. आजोबांनी बाबांना विचारलं नव्हतं. बाबांना काय व्हायचं होतं हे मला आजही नक्की माहीत नाही. मी बीटेक केलं, हिंजवडीला नोकरी लागली, आणि २०१९ मध्ये दुकान बंद झालं. बाबा एवढंच म्हणाले, "कटिंग मशिनला गिऱ्हाईक बघ जरा ऑनलाइन." मी फोटो काढून जाहिरात टाकली. चार दिवसांत मशिन गेलं.

याच इंद्रजालमध्ये डिसेंबर १९७६ला एक दुसरा हिरो आला, आणि त्याच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. बहादूर. आबिद सुरतींनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणियांनी काढलेला. भगवा कुर्ता आणि जीन्स. त्याचा बाप डाकू होता, पोलिसांच्या हातून मेला. आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याने बापाला मारलं, त्यानेच पोराला वाढवलं. ठोकळेबाज कथेत या मुलाने सूड घ्यायला हवा. पण बहादूर बापाचा वारसा नाकारतो आणि गावकऱ्यांना घेऊन डाकूंच्या विरोधात उभा राहतो. तो एकटा नसतो, सामान्य नागरिकांचं दल बांधतो. एकाच मासिकात, आलटून पालटून, बापाची शपथ पाळणारा आणि बापाची वाट सोडणारा असे दोघे छापले जात होते. सत्तरच्या दशकातल्या पुण्यातल्या एका पोराने दोन्ही वाचले असतील, तर त्याला कुठला जास्त आवडला असेल?

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "वेताळ. बहादूरकडे घोडा नव्हता."

बरं, पट्टी अजून चालू आहे. ली फॉक ६३ वर्षं लिहीत राहिला आणि मार्च १९९९ मध्ये गेला. रे मूर, विल्सन मकॉय, साय बॅरी असे चित्रकारही एकामागून एक आले. फॉक गेल्यावर लिहिणारे दुसरे आले. सामान्य वाचकाला फरक कळलाच नसेल.

माझ्याकडे इंद्रजालचे बारा अंक आहेत, मराठी, एकत्र बांधलेले. जुजबंदी शिलाई, हिरवं कापडी आवरण. बाबांनी तेराव्या वर्षी दुकानात स्वतः बांधलेलं पहिलं पुस्तक. सातवा अंक उलटा शिवलाय, त्यामुळे तिथे पोचलं की अख्खं पुस्तक फिरवून धरावं लागतं. आजोबांनी ते उसवून परत शिवायला सांगितलं होतं म्हणे. बाबांनी नाही शिवलं.