गुणपारख (पोकेमॉन खेळांतील)

गुणपारख : जीवसंग्रहाच्या संगणकीय खेळांत, विशेषतः पोकेमॉन या जपानी खेळमालिकेत, पकडलेल्या अथवा अंड्यातून उपजलेल्या प्रत्येक काल्पनिक जीवाच्या अंगी जन्मतः जो गुणांचा इजाफा असतो त्याची मोजदाद करून, तो जीव पोसावा, झुंजीस उतरवावा, वंशवृद्धीसाठी राखावा की सोडून द्यावा, याचा निर्णय करण्याच्या कसबास गुणपारख म्हणतात. एकाच जातीचे दोन जीव रूपाने तंतोतंत सारखे असले तरी त्यांच्या आक्रमणात, संरक्षणात वा वेगात थोडी तफावत असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच या खेळांत पारखीची स्वतंत्र विद्या निर्माण झाली. खेळाडू या जन्मजात इजाफ्याला ‘आयव्ही’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत त्यास जन्मगुण म्हटले आहे.

जीवाचे अंतिम सामर्थ्य पातळीखेरीज चार घटकांनी ठरते. जातीमात्रास सारखा लाभलेला तो जातिगुण. व्यक्तीस उपजत लाभलेला तो जन्मगुण. झुंजींतून व खुराकातून कमावलेला तो अर्जितगुण, ज्यास खेळाडू ‘ईव्ही’ म्हणतात. आणि चौथा तो स्वभाव, जो बहुधा एका गुणास दहा टक्क्यांनी चढवितो व दुसऱ्यास तितकाच उतरवितो. उपजत किती आणि कमावलेले किती, याची फोड करता येणे ही पारख्याची पहिली पात्रता होय. ज्याला ही फोड साधत नाही तो उत्तम पोसलेल्या सामान्य जीवाला श्रेष्ठ समजतो आणि दुर्लक्षिलेल्या श्रेष्ठ जीवाला टाकाऊ ठरवितो.

इतिहास : बालपणी कीटक गोळा करण्याचा छंद असलेल्या सातोशी ताजिरी यांच्या कल्पनेतून गेम फ्रीक या संस्थेने घडविलेले या मालिकेचे पहिले खेळ, रेड व ग्रीन, २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात प्रसिद्ध झाले. त्यांत आक्रमण, संरक्षण, वेग व विशेष या चार गुणांस प्रत्येकी ० ते १५ असा जन्मगुण मिळे, आणि जीवशक्तीचा जन्मगुण निराळा न देता या चारांवरूनच काढला जाई : आक्रमणाचा अंक विषम असल्यास ८, संरक्षणाचा विषम असल्यास ४, वेगाचा विषम असल्यास २ व विशेषाचा विषम असल्यास १, अशी ती बेरीज होती. १९९९ च्या गोल्ड व सिल्व्हर या खेळांत तर जीवाचे लिंग आणि त्याचा दुर्मिळ रंगही याच अंकांवर मुक्रर केला गेला. संरक्षण, वेग व विशेष या तिहींचा अंक १० आणि आक्रमणाचा अंक ठरावीक आठांपैकी एक असेल तरच तो जीव निराळ्या रंगाचा, ज्याला खेळाडू ‘शायनी’ म्हणतात तसा निघे, आणि असा योग ८,१९२ जीवांत एकदा येई.

आजची व्यवस्था २००२ च्या रुबी व सॅफायर या खेळांनी घालून दिली. विशेष या गुणाचे विशेष आक्रमण व विशेष संरक्षण असे दोन भाग मागील खेळांतच पडले होते. आता सहाही गुणांस स्वतंत्र जन्मगुण मिळाला, त्याची कमाल मर्यादा ३१ झाली, पंचवीस स्वभाव आले, आणि अर्जितगुणांची एकूण बेरीज ५१० च्या आत ठेवण्याचा दंडक पडला. सहाही गुण ३१ असलेला जीव रानात निव्वळ योगायोगाने भेटण्याची शक्यता १,०७,३७,४१,८२४ मध्ये एक इतकी अल्प असल्यामुळे, निवडक जोड्यांपासून पिढ्यान्‌पिढ्या वंश सुधारीत नेण्याची खटपट खेळाडूंनी आरंभिली. २०१३ च्या एक्स व वाय या खेळांपासून ‘डेस्टिनी नॉट’ नावाची वस्तू माता-पित्यांपैकी एकास दिली असता दोघांच्या मिळून बारा जन्मगुणांपैकी पाच अपत्याकडे उतरू लागले, आणि पूर्वी महिनोन्‌महिने चालणारे हे काम पुष्कळ सुकर झाले.

गणित : जातिगुणाची दुप्पट, जन्मगुण आणि अर्जितगुणाचा चौथा हिस्सा यांची बेरीज करून तिला जीवाच्या पातळीने गुणावे, शंभराने भागावे, अपूर्णांक सोडून द्यावा, पाच मिळवावे आणि शेवटी स्वभावाचा परिणाम लावावा, म्हणजे गुणाचे प्रत्यक्ष मूल्य येते, जीवशक्तीस मात्र पाचाऐवजी पातळी अधिक दहा मिळवितात व तिला स्वभावाचा स्पर्श होत नाही. गारचॉम्प या जीवाचा वेगाचा जातिगुण १०२ आहे. शंभराव्या पातळीस, जन्मगुण ३१ व अर्जितगुण २५२ धरता, त्याचा वेग ३०३ होतो आणि वेगवर्धक स्वभाव असल्यास ३३३. याच जीवाचा जन्मगुण शून्य असता तर हे आकडे अनुक्रमे २७२ व २९९ झाले असते. म्हणजे जन्माचा वाटा ३०३ पैकी ३१, सुमारे दहावा हिस्सा. जोपासनेने मिळणारा वाटा ६३, म्हणजे त्याच्या दुपटीहून अधिक. जन्मगुणाच्या नादी लागून जोपासनेची हेळसांड करणाऱ्याने हा हिशोब नीट पाहावा.

तरीही हा दहावा हिस्सा क्षुल्लक नव्हे. अधिकृत स्पर्धा पन्नासाव्या पातळीवर खेळविल्या जातात. तेथे वेगवर्धक स्वभावाच्या पूर्ण पोसलेल्या गारचॉम्पचा वेग जन्मगुण ३१ असता १६९ व ३० असता १६८ होतो. आणि झुंजीत ज्याचा वेग अधिक त्याचा वार प्रथम पडत असल्यामुळे, दोन गारचॉम्प समोरासमोर आले की एका अंकाच्या या उणिवेने संपूर्ण डाव जाऊ शकतो. वेग समान असता प्रथम वार कोणाचा हे नशिबावर सोडलेले असते. एक अंक कमी असता नशिबालाही वाव उरत नाही.

पारखीच्या रीती : अगदी आरंभी पारख करावयाची ती उलट्या गणिताने. जीवाची पातळी, जातिगुण व स्वभाव ठाऊक असता त्याच्या प्रत्यक्ष मूल्यावरून जन्मगुण किती असेल हे काढीत. परंतु अपूर्णांक गळून जात असल्याने खालच्या पातळीवर अनेक जन्मगुणांचे उत्तर एकच येते. अर्जितगुण शून्य असलेल्या जीवाच्या प्रत्यक्ष मूल्याचे शंभराव्या पातळीस जन्मगुणाशी एकास एक नाते असते, पन्नासाव्या पातळीस दोन जन्मगुण एकाच मूल्यात दडतात, आणि दहाव्या पातळीस तर दहा दडतात. म्हणून कोवळ्या जीवाविषयी घाईने मत देऊ नये, हा जुन्या पारख्यांचा नेम गणितानेच सिद्ध होतो. २००६ च्या डायमंड व पर्ल या खेळांपासून प्रत्येक जीवाच्या वर्णनात एक वाक्य येऊ लागले, ज्यावरून त्याचा सर्वांत मोठा जन्मगुण कोणता याचा सुगावा लागे.

पुढे खेळातच पारखी पात्र आले. २०१० च्या ब्लॅक व व्हाइट या खेळांत गिअर स्टेशन या रेल्वेस्थानकावर उभा असलेला परीक्षक सहाही जन्मगुणांची बेरीज पाहून चार दर्जे सांगे : ९० पर्यंत सामान्य, ९१ ते १२० बरा, १२१ ते १५० चांगला आणि १५१ ते १८६ असाधारण, शिवाय सर्वांत मोठा गुण कोणता आणि तो कमाल मर्यादेस पोहोचला आहे काय, हेही तो बोलण्यातून सुचवी. २०१६ च्या सन व मून या खेळांत ही सोय खेळाडूच्या संग्रहातच आली आणि प्रत्येक गुणाचा दर्जा निराळा दिसू लागला. त्यात शून्याला निकृष्ट, ३० ला अप्रतिम व ३१ ला सर्वोत्तम असा शेरा मिळतो. त्याच वर्षी ‘हायपर ट्रेनिंग’ची तजवीज झाली : शंभराव्या पातळीस पोहोचलेल्या जीवाचा उणा गुण बाटलीच्या झाकणाच्या मोबदल्यात ३१ असल्यासारखा धरला जाऊ लागला. चांदीचे झाकण एका गुणास, सोन्याचे सहाही गुणांस पुरते. २०२२ च्या स्कार्लेट व व्हायोलेट या खेळांत ही अट पन्नासाव्या पातळीपर्यंत खाली आली. मात्र हा सुधार त्या जीवापुरताच राहतो; अपत्याकडे उतरतो तो मूळचाच अंक.

पोकेमॉन गो : फोनवर व प्रत्यक्ष भूमीवर चालत खेळावयाचा हा खेळ जुलै २०१६ मध्ये परदेशी निघाला आणि डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने भारतात आला. मराठी मुलखातील अनेक खेळाडूंची गुणपारखीशी पहिली गाठ याच खेळाने घालून दिली. यात आक्रमण, संरक्षण व दम असे तीनच गुण असून प्रत्येकाचा जन्मगुण ० ते १५ असतो. म्हणजे एकूण प्रकार ४,०९६, आणि तिन्ही १५ असलेला, खेळाडू ज्याला ‘हंड्रेड’ म्हणतात तो जीव रानात ४,०९६ त एक. ऑगस्ट २०१६ पासून कँडेला, ब्लांश व स्पार्क हे तीन दलनायक मोघम वाक्यांनी पारख सांगत. २०१९ पासून तीन पट्ट्या व तारे दिसू लागले. बेरीज २२ पर्यंत असता एकही तारा नाही, २३ पासून एक, ३० पासून दोन, ३७ पासून तीन, आणि ४५ पुरे भरल्यास तीन ताऱ्यांसह गुलाबी छटेची मुद्रा मिळते.

जीव कोठून मिळाला यावरही त्याच्या जन्मगुणाची किमान मर्यादा अवलंबून असते. हवामान अनुकूल असता रानातील जीवाचा कोणताही गुण ४ च्या खाली जात नाही, म्हणून पूर्ण गुणांचा योग १,७२८ त एक होतो. सामूहिक झुंज, अंडे वा नेमून दिलेले काम यांतून मिळालेल्या जीवास किमान १० लाभतात, तेथे हा योग २१६ त एक. आणि ‘लकी’ ठरलेल्या अदलाबदलीत किमान १२ असल्याने तो ६४ त एक इतका जवळ येतो. देवळे, स्मारके, चौक अशा नोंदलेल्या ठिकाणांवर या खेळाची ठाणी उभी असल्याने दाट वस्तीच्या शहरात जीव मुबलक भेटतात व खेड्यात विरळ. बेळगावसारख्या शहरातील खेळाडू संख्येच्या बळावर निवड करू शकतो. खानापूर तालुक्यातील नंदगडासारख्या गावच्या खेळाडूला ती चैन परवडत नाही. त्याने रानातील चार हजारांत एकाची वाट पाहण्यापेक्षा नेमून दिलेली कामे, अदलाबदल आणि एप्रिल २०२० पासून घरबसल्या शक्य झालेल्या दूरस्थ सामूहिक झुंजी यांवर भर देणे हिताचे असते, कारण तेथे किमान मर्यादाच त्याच्या बाजूने उभी राहते.

प्रयोजन आणि दर्जा : ज्या सीमाभागात नंदगड वसले आहे तेथे जनावराची पारख ही जुनी विद्या आहे, आणि तिचे एक तत्त्व या खेळासही लागू पडते. बैल विकत घेताना खालच्या जबड्यातील दात पाहून तो आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला आहे, हे प्रथम ठरवितात, म्हणजे वयाचा निवाडा होतो. मग अंगलट, खूर, खांदा व चाल पाहतात. परंतु अंतिम प्रश्न हा की जनावर कशासाठी हवे. चपळ, कातीव अंगाचा खिलार बैल गाडीस व धावेस उत्तम. काळ्या चिकण मातीच्या खोल नांगरटीस भारदस्त कृष्णाखोरी बैल अधिक उपयोगी. कामाचा उल्लेख न करता श्रेष्ठ कोणता असे विचारले, तर जाणता शेतकरी उत्तर देणार नाही.

पोकेमॉन गो मधील झुंजींत हे तत्त्व अंकांनी स्पष्ट होते. जीवाचे एकूण सामर्थ्य, म्हणजे ‘सीपी’, काढताना आक्रमण पुरतेपणी धरले जाते, तर संरक्षण व दम यांचे वर्गमूळ घेतले जाते. ‘ग्रेट लीग’ या गटात सीपीची मर्यादा १,५०० व ‘अल्ट्रा लीग’मध्ये २,५०० असल्यामुळे, आक्रमणाचा जन्मगुण मोठा असलेला जीव ही मर्यादा लवकर गाठतो आणि त्याची पातळी खालीच अडते, उलट आक्रमण ० व उरलेले दोन १५ असा जीव त्याच मर्यादेत अधिक पातळी चढतो व झुंजीत अधिक काळ टिकतो. म्हणून ज्या जीवास दलनायक दोनच तारे देतो तोच पुष्कळदा या गटात अव्वल ठरतो, आणि ‘हंड्रेड’ मागे पडतो. मर्यादा नसलेल्या ‘मास्टर लीग’मध्ये मात्र पुन्हा १५ चेच राज्य असते. मूळ मालिकेतही शून्य इष्ट असण्याचे प्रसंग आहेत : ‘ट्रिक रूम’ या चालीत मंद जीव आधी वार करीत असल्यामुळे वेगाचा शून्य जन्मगुण मुद्दाम शोधून मिळवितात.

मर्यादा : तारे वा शेरे हे पारखीचे साधन आहेत, पारख नव्हे. ते जन्मगुणांचे माप सांगतात. तो जीव कोणत्या चाली शिकला आहे, कोणत्या जातीशी त्याची गाठ पडणार आहे, हे सांगत नाहीत, आणि पोकेमॉन गो मध्ये हा फरक विशेष जाणवतो, कारण तेथे गारचॉम्पच्या आक्रमणाचा जातिगुण २६१ असून जन्मगुणाची कमाल भर १५, म्हणजे अवघी पावणेसहा टक्के असते. जात, चाली व जोडीदार यांची निवड चुकली तर ही भर ती चूक भरून काढू शकत नाही. नवख्या खेळाडूने कमी ताऱ्यांचा प्रत्येक जीव तत्काळ सोडून देण्याची सवय लावून घेऊ नये. प्रथम त्याच्याकडून कोणते काम घ्यावयाचे ते ठरवावे, मग त्या कामास लागणारा गुण तपासावा, आणि सामग्री खर्च करण्याआधी कमावता येण्याजोगे किती व जन्मानेच बांधलेले किती, याचा हिशोब मांडावा. या क्रमाने चालणाऱ्यास थोड्या संग्रहातूनही समर्थ संघ उभारता येतो, आणि मोजक्या ठाण्यांच्या गावात खेळणाऱ्याला शहरी खेळाडूची बरोबरी करण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे.