चंद्रकला आणि पाटणचा मठ

बुलढाणा जिल्ह्यांतील धाड गांवीं सायंकाळीं पश्चिमेस बिजेची कोर दिसते, तेव्हां उरलेलें बिंब कोण झांकतें? पृथ्वीची छाया, असें पुष्कळ सुशिक्षितही सांगतात. पण सूर्य त्याच बाजूस नुकताच मावळलेला असतो. पृथ्वीची छाया तर पूर्वेकडे पडलेली!

या कोड्याचा उलगडा शिकविणारी एक शाळा धाडच्या पश्चिमेसच, चाळीसगांवाजवळ पाटण येथें होती. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें तेथें मठ स्थापिला. ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायांत आचार्य चंद्राला उन्हांत ठेवलेल्या घटाची उपमा देतात. घटाची सूर्याकडील बाजू उजळते, मागली स्वतःच्याच छायेनें काळी राहते. (वराहमिहिरानेंही हीच उपमा योजिली होती, मात्र त्यानें चंद्राच्या आकारावरून शुभाशुभही वर्तविलें!) चंद्र पृथ्वीभोंवतीं फिरतो, म्हणून त्या उजळ अर्धाचा कमी-अधिक अंश आपल्यासमोर येतो. अमावास्येस तो पलीकडे, पौर्णिमेस सबंध आपल्याकडे. सूर्यचंद्रांतील अंतर १२ अंशांनीं वाढलें कीं एक तिथि सरते.

पृथ्वीची छाया चंद्राला ग्रासते ती केवळ ग्रहणांत. पाटणच्या मठाला भूमिदान झालें तें १२०७ सालच्या श्रावणी पौर्णिमेस. तेथील शिलालेखांत वेळ कोरली आहे, ‘चंद्रग्रहणसमयीं’.