नाईक यशवंत घाडगे

मूळ मजकुरात त्यांच्या नावापुढे नुसते ‘व्हीसी’ आहे. तेवढ्यावर थांबणे अन्यायाचे वाटते, म्हणून ही टीप. व्हीसी म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस, 1856 साली सुरू झालेले काशाचे शौर्यपदक. त्याच्या मागे पराक्रमाची तारीख कोरतात. घाडग्यांची तारीख 10 जुलै 1944.

मराठा पलटणीतले हे बावीस वर्षांचे नाईक मूळचे माणगाव तालुक्यातले. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांची सारी तुकडी जायबंदी झाली किंवा मारली गेली. एकटे उरलेले घाडगे तसेच पुढे धावले. हातबॉम्बने त्यांनी गन बंद पाडली, गनवरच्या एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले.

पदक मरणोत्तर मिळाले. माणगावात त्यांचा पुतळा आहे.