हळद आणि ‘निरर्थक’ मजकूर

‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण आपण उतावळ्यांची थट्टा करण्यासाठी वापरतो. कर्करोगावरील हळदीच्या संशोधनाचा इतिहास वाचताना ती आम्हांला वारंवार आठवत राहिली.

१८१५ साली फोगेल आणि पेलेतिये यांनी हळदीतील पिवळे द्रव्य वेगळे केले. कुर्क्युमिन ते हेच. त्याची रासायनिक रचना १९१० मध्ये उलगडली. पुढे १९९५ साली, हळदीने जखम भरून येते या ‘शोधा’चे पेटंट अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ व लेख पुराव्यादाखल ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतले. ग्रंथांवरच पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांना या विजयाचा आनंद अंमळ जास्तच! परंतु तेथे सिद्ध झाले ते इतकेच, की हे ज्ञान नवे नाही. हळद कोणता रोग बरा करते, हा त्या वादाचा विषयच नव्हता.

दुसरा धागा थेट आपल्या प्रांतातला, म्हणजे अर्थनिर्णयाचा आहे. मानवी जनुकसंचाचा जेमतेम दीड-दोन टक्के भाग प्रथिनांची संहिता बाळगतो. उरलेल्या बऱ्याचशा मजकुराला १९७२ मध्ये सुसुमु ओहनो यांनी रूढ केलेला ‘जंक’ हा शब्द चिकटला. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस यांना एका सूक्ष्म कृमीत इवलासा आरएनए सापडला. तो स्वतः प्रथिन घडवत नाही. दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला बिलगून त्याचे प्रथिन घडणे मात्र रोखतो. ते कोणाचे, हे गॅरी रुव्हकुन यांच्या कामातून उमगले. कित्येक वर्षे ही कृमीचीच एक लकब मानली गेली. २००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या चमूने एका रक्तकर्करोगात असे दोन आरएनए बहुधा हरवलेले वा मंदावलेले दाखवले, तेव्हा पारडे फिरले. अँब्रोस व रुव्हकुन यांना नोबेल मिळाले २०२४ साली. मजकूर निरर्थक ठरवण्याची घाई केवळ समीक्षकच करतात असे नाही तर!

२००८ मध्ये दोन्ही धागे जुळले. स्वादुपिंडाच्या कर्करोगपेशींवर कुर्क्युमिन सोडताच काही सूक्ष्म आरएनए वाढले, काही घटले. पण हे घडले प्रयोगशाळेतील पेशींत. तोंडावाटे घेतलेले कुर्क्युमिन रक्तात फारसे उतरतच नाही. रोग्यांवरील चाचण्यांतून ते कर्करोगाचे औषध ठरलेले नाही. तरीही ‘हळद जनुकांशी बोलते’ अशा भाषेवर विसंबून कोणी चालू उपचार सोडतो, तेव्हा ते रूपक जिवावर बेतते.

सदाफुलीकडे मात्र आपण रूपक म्हणून कधी पाहिलेच नाही. तिच्यातील व्हिन्क्रिस्टीनला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली. मुलांच्या रक्तकर्करोगात ते आजही दिले जाते. मोजून, शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.