एक नग चालतो, हजार चालतील का?

सध्या जिकडेतिकडे 'स्मार्ट' यंत्रांची चर्चा आहे. घरोघरी टीओडी मीटर लागताहेत, मोबाइलवरून मोटार सुरू होतेय, मातीतला ओलावा सांगणारे सेन्सर आलेत. मंचावर नमुना चालतो, टाळ्या मिळतात. पण तसेच हजारो नग गावोगाव चालणं ही वेगळीच गोष्ट. त्याचा आपल्या देशातला एक इतिहास सांगतो.

ऑगस्ट 1984 मध्ये केंद्र सरकारनं सी-डॉट ही संस्था काढली. सॅम पित्रोदा यांचा त्यात पुढाकार होता. मुदत 36 महिने, खर्च 36 कोटी. तेव्हाची परदेशी टेलिफोन एक्स्चेंज मोठ्या शहरांसाठी बनलेली, त्यांना एसी खोली लागायची. आपल्या खेड्यात एसी सोडा, वीजच धड नव्हती. म्हणून सी-डॉटच्या इंजिनिअरांनी 128 लाइनचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज तयार केलं. ते एसीशिवाय, धुळीत आणि उन्हात चाललं पाहिजे, ही सुरुवातीपासूनचीच अट. जुलै 1986 मध्ये पहिलं एक्स्चेंज बसलं ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला, म्हणजे खऱ्या गावात.

खरी परीक्षा पुढेच होती. हे तंत्रज्ञान एकाच कारखान्याच्या हाती न ठेवता अनेक सरकारी आणि खाजगी कारखान्यांना परवान्यानं दिलं गेलं. म्हणून ही एक्स्चेंज मोठ्या संख्येनं बनली आणि खेड्यापाड्यात फोनची घंटी वाजली.

जालन्याला ही गोष्ट नवी वाटू नये. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथंच महिको सुरू केली. चाचणीच्या प्लॉटमधलं एक जोमदार झाड म्हणजे वाण नव्हे, हे आपल्या बीजोत्पादक शेतकऱ्याला पक्कं ठाऊक आहे. विलगीकरणाचं अंतर पाळायचं, भेसळ झाडं उपटायची, उगवण तपासायची, तेव्हा कुठं प्रत्येक पिशवीतलं बी सारखं निघतं. यंत्राचंही तसंच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: उद्या गावात कुठलंही स्मार्ट यंत्र आलं, तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. हे मे महिन्याच्या उन्हात किती दिवस चालवून पाहिलं? सुटा भाग किती दिवसांत मिळेल? आणि दुरुस्ती करणारा माणूस आपल्या तालुक्यात आहे का?

उत्तरं लेखी घ्या. टाळ्या नंतर वाजवू.